रकाना सातवा

अभ्यासदौऱ्याच्या फॉर्मवर चौदा रकाने होते.
शेतकऱ्याचे नाव : गुमेर्सिंदो बेतान्कोर्त.
गाव : लांझारोते बेटावरचं,
नकाशात टाचणी टोचली की झाकलं जाणारं.
पीक : द्राक्ष. वाण : माल्वासिया.
इथवर सोपं होतं.

जमीन काळी.
आपण काळी म्हणतो तशी नव्हे.
ही तव्याच्या बुडासारखी,
तीनेकशे वर्षांपूर्वी डोंगर ओकला तेव्हाची राख,
आणि त्या राखेत खड्डे, नजर पोचेल तिथवर खड्डे.
प्रत्येकाच्या तळाशी एकच वेल,
गुडघे पोटाशी घेऊन बसलेली,
आणि वाऱ्याच्या बाजूला तिच्यापुरती अर्धी भिंत,
दगडावर दगड, मधे चुना नाही, चिखल नाही.

"हेक्टरी झाडं किती?" डॉ. वासेनार यांनी विचारलं.
प्रश्न फोनमधून गेला,
कारण म्हाताऱ्याला त्याचीच भाषा येत होती
आणि त्याची मुलगी ग्वासिमारा विमानतळावर,
भाड्याच्या मोटारींच्या काउंटरला.
फोन स्पीकरवर, दगडावर ठेवलेला.
"बाबा म्हणतात, मोजली नाहीत.
म्हणतात, एकीचं दुसरीला ऐकू येऊ नये
इतकी लांब लावायची.
एक मिनिट, सर, तुमचं लायसन्स?
हं, बोला."

तेंडाईने हसू दाबलं.
लीझलोट्टं टेप घेऊन खड्ड्यात उतरली :
खोली दोन मीटर दहा, व्यास साडेचार.
मी सातव्या रकान्यापाशी अडकले.
सिंचनाची पद्धत : ठिबक / तुषार / पाट / इतर.

पाऊस?
म्हाताऱ्याने तळहात पुढे केला
आणि त्यावर फुंकर मारली.
ह्याला फोन लागला नाही.
मग तो उकिडवा बसला, बाही वर सारली
आणि राखेत हात घातला, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत,
गाभण गाय तपासावी तसा.
बाहेर काढला तेव्हा बोटांना काळे दाणे चिकटलेले,
ओले.
माझा हात धरून त्याने तिथंच घातला.
वर चटका. मग कोमट. मग
माठाच्या बुडाचा गारवा.
रात्री समुद्रावरून जे काही येतं
ते ही राख पिते
आणि दिवसभर कुणाला सांगत नाही.

दुपारी : स्थानिक आकर्षणे.
बसने ज्वालामुखीवर.
टोपी घातलेला एक माणूस
जमिनीतल्या नळीत बादलीभर पाणी ओततो.
तीन मोजेपर्यंत शांतता.
मग डोंगर ते पाणी थुंकतो, पांढरं, फुत्कारत,
माणसं किंचाळतात, टाळ्या, मोबाइल वर,
पुढची बस, पुढची बादली.
शेजारी एका विवरावरच्या जाळीवर
कोंबडीच्या तंगड्या भाजत होत्या, पृथ्वीच्या खर्चाने.
व्हिडिओ मीही काढला, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्या बादलीला मात्र
त्या नळीच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.
ठेवला असता तर भाजला असता, एवढंच.

लीझलोट्टं टेप विसरली म्हणून संध्याकाळी परत गेलो.
म्हातारा भिंतीतला एक पडलेला दगड
हातात फिरवत होता, ह्या अंगावर, त्या अंगावर,
झोप न लागणाऱ्या माणसासारखा त्याला कुशी बदलायला लावत.
एकदाचा बसला दगड.
मग माझ्याकडे बघून त्याने काहीतरी विचारलं,
सावकाश, चारपाच शब्दांत, भुवया उंचावून.
फोन लावला.
"बाबा विचारतायत, तुमच्याकडे...
एक मिनिट, मॅडम, मुलांची सीट वरच्या मजल्यावर मिळेल..."
आणि फोन तुटला.

आम्ही दोघं थांबून राहिलो.
वारा भिंतीवर आपटून वेलीच्या डोक्यावरून गेला.
मी मान हलवली : हो.
कशाला हो म्हटलं, देव जाणे.
तो खूश दिसला.
खिशातून एक बेदाणा काढून त्याने मला दिला,
एकच.

फॉर्म महिन्याने परत आला. दहापैकी सहा.
सातव्या रकान्यात मी लिहिलं होतं : इतर.
पुढे लाल पेन्सिलीने, डॉ. वासेनारांच्या तिरक्या अक्षरात :
स्पष्ट करा.