शेऱ्याचा रकाना

मी मोहरर. पळसबोडी ठाण्याची.
माझ्याकडे दोन किल्ल्या: एक मालखान्याची,
दुसरी त्या कपाटाची, जिथं बंदुकांची नावं राहतात.
बंदुका नाही. नावं.

नाल्याच्या रेतीत सापडलं ते पोत्यात गुंडाळून आणलं.
पाइप, बिजाचं लाकूड, तारेचे वेढे,
वास बारुदीचा, आणि मोहाचा.
पहाटे फुलं वेचायला गेलेला ऋषी गुरनुले
तिथंच वरच्या अंगाला पडला होता,
टोपली उपडी, फुलं कुशीखाली.

साहेब नवे, खानदेशाकडचे. म्हणाले,
"हिला ना नंबर, ना कारखाना, ना बाप.
तुमची वही काय सांगणार?"
"कोण नाही ते सांगते जी.
आधी तेवढं तर ऐका."

तेवीस परवाने. रानडुकरांपासून धान राखायला दिलेले,
काही माझ्या जन्माआधीचे.
तीन दिवस मोटरसायकलच्या मागे, मांडीवर वही.
कोणाची आढ्याला टांगलेली, कोणाची गादीखाली.
नैतामाची म्हातारी म्हणाली,
"हे पाय, इथंच हाय. जावयावानी. काम ना धाम."
बावीस घरी, एक आमच्याच मालखान्यात.
हिशेब जुळला, आणि साहेबांचा चेहरा पडला.
मी मात्र त्या रात्री बरी झोपले:
बावीस घरांच्या दारावरून
संशय उठून गेला होता.

दुसऱ्या दिवशी पोतं पुन्हा सोडलं.
पाइप गावठी, लाकूड गावठी.
घोडा गावठी नव्हता.
रॉकेलच्या बोळ्यानं पुसला
तर बोटाला तीन आकडे लागले.
चौथा गंजानं खाल्लेला.

वाळवीनं कोपरे नेलेली वही. अनुक्रमांक चौदा.
डोमाजी शेंडे, मयत. बंदूक जमा.
नियमानं एवढंच पुरे होतं.
पण माझ्या आधीचे मोहरर, दयाराम खोब्रागडे,
जास्तीचं लिहायचे. लोक हसायचे त्यांना.
जांभळ्या शाईत, गिचमीड:
"घोडा नाही. मयताची बायको सांगते,
कोसंबीच्या भात्यावर दुरुस्तीस दिला,
परत आला नाही."

एकोणतीस वर्षांनी आला.

भात्यावर आता नातू बसतो, खिडक्यांच्या जाळ्या करतो.
घोडा पाहून तो मटकन खालीच बसला.
"आजाच्या डब्यात होता जी.
एकजण पाइप घेऊन आला, म्हणे डुकरासाठी."
एकजण कोण, हे त्याला आठवायची गरज नव्हती.
भिंतीवर खिळ्याला त्याचीही वही होती.
नाव, गाव, उधारी चारशे.

परतताना साहेबांनी मोबाइल पुढं केला:
पांढरी, प्लास्टिकची, यंत्रातून छापून निघालेली,
जत्रेतल्या खेळण्यासारखी.
"आता हिचं काय करणार, बाई?"
मी विचारलं, "काडतूसही छापता येतं?"
ते थोडे थांबले. "नाही. ते लागतंच."
"मग ते कोण्या दुकानातून निघालं असेल,
कोणाच्या तरी परवान्यावर.
तिथंही माझ्यासारखं कोणी बसलं असेल.
त्यानं नुसतं 'विकलं' लिहिलं असेल
तर मग कठीण हाय."

संध्याकाळी नोंद केली.
बनावट: गावठी. क्रमांक: नाही.
शेरा: घोडा अनुक्रमांक चौदाचा.
तरी जागा उरली.

खालच्या ओळीत, त्याच गुन्ह्यातला मुद्देमाल:
टोपली, बांबूची, एक.
नियमानं एवढंच पुरे होतं.
मी पेन झटकला, आणि लिहिलं:
मुलीनं विणलेली. काठाला लाल दोरा.
दोनदा विचारायला आली,
परत केव्हा मिळेल म्हणून.