सत्त्याहत्तरावा पाव

दिवसाचे शहाण्णव पाव.
बेकरीतले नव्हेत, तासाचे;
आणि प्रत्येकाचा भाव वेगळा.
उद्याच्या मुंबईला कुठल्या पावात किती वीज लागेल
हे मी आज दुपारच्या आत सांगायचं,
लोअर परळच्या अकराव्या मजल्यावरून,
जिथली काच उघडत नाही.

आईला हे समजावताना मला भाऊच्या धक्क्यावर जावं लागलं.
तिथे ती चाळीस वर्षं पहाटे पाचला,
माझ्या हिशेबाने एकविसाव्या पावाला,
ओल्या फरशीवर लिलावात उभी राहायची.

म्हटलं, समज, बोली तोंडाने नाही, चिठ्ठीवर.
विकणाऱ्यांच्या चिठ्ठ्या, घेणाऱ्यांच्या चिठ्ठ्या,
कुणी कुणाचं तोंड बघत नाही.
मग स्वस्त टोपली आधी उचलायची,
मग तिच्याहून जरा महाग,
असं करत गावाचं पोट भरेपर्यंत.
शेवटच्या टोपलीचा जो भाव, तोच सगळ्यांना.

"सगल्यांना?
मंग पयला येरा का, स्वस्त बोलायला?"

येरा नाही गो. त्याची टोपली नक्की उठते.
शिवाय त्याला ऊन फुकट मिळतं.

ती जरा वेळ सुपारी कातरत राहिली.
"मंग तो हसत घरा जातं."
हो, हसतच जातो.
"आनि बरफ?"

बर्फ नाही.
सगळा घोळ तिथेच आहे, आई.
तुझा बोंबील संध्याकाळपर्यंत तरी दम धरतो.
हा माल निघाला त्याच क्षणी खायचा,
नाहीतर पन्नासची रेष हलते
आणि कळव्याहून फोन येतो.
बॅटऱ्या येतायत म्हणतात;
अजून वाटीएवढ्या आहेत, आणि भूक तपेल्याची.

दुपारी बारा. राजस्थानातून ऊन येतं,
ढिगाने, सुगीतल्या बोंबलासारखं,
दोन रुपयांना घ्या, दीडला घ्या.
सातच्या सुमाराला तेच शहर घरी येतं, बटणं दाबतं,
आणि ऊन विकणारे केव्हाच उठून गेलेले असतात.

आणखी एक गोष्ट तिला पटली नाही.
पैसे मी पाठवते सतलजकाठच्या धरणाला,
आणि कोळीवाड्यातला दिवा पेटतो
बहुधा तुर्भ्याच्या कोळशावर.
तारेला पावती वाचता येत नाही.
"म्हंजे पापलेटाचे पैसे देऊन मांदेली खायची?"
चव एकच लागते, म्हटलं.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी विषय बदलला.

गुरुवारी माझा अंदाज चुकला.
हवा दिवसभर उतरलीच नाही;
काल दुपारी मी विकत घेतलेली संध्याकाळ
आजच्या संध्याकाळीला आखूड पडली.
सत्त्याहत्तरावा पाव, सात ते सव्वासात.
ऐन वेळच्या बाजारात भाव दहा रुपये:
त्याच्यावर बोलायला आयोगाची मनाई,
आणि दहालाही मागितलं त्याच्या निम्मंच मिळालं.
उरलेलं आम्ही न विचारता ओढलं.
त्याला आमच्याकडे विचलन म्हणतात.
धक्क्यावर काय म्हणतात ते आईला विचारलेलं नाही.

तेवढ्यात तिचाच फोन.
"आज काय भाव फुटला?"
दहा.
"दहा? आनि माज्या बिलात?"

तुझ्या बिलात नाही.
तिथे तो मागाहून येईल, इंधन अधिभार नाव घेऊन,
दुसऱ्याच महिन्यात, खालच्या बारीक ओळीत,
आणि तोवर कुठली संध्याकाळ होती
हे कुणालाच आठवणार नाही.

"आमी तर भाव वरडून सांगायचो,"
ती म्हणाली. मग जरा थांबून,
"दहाला परवडत नाय. मालवते."

फोनमध्ये बटणाचा आवाज आला.
मी पडद्यावर रेष पाहिली.
एकोणपन्नास पॉइंट नऊ तीन, जशी होती तशी.

हललीच असणार.
एवढ्या लहान आकड्याला
आमच्या पडद्यावर घर नाही.