सत्तेचाळीस नंबरचा टॅब

दर गुरुवारी मस्कतहून यादी येते.
एकशे बारा टॅब. एकशे अकरांपुढे हिरवा ठिपका
आणि सत्तेचाळीसपुढे लाल.

लाल म्हणजे पासकोड नियमात बसत नाही.
सहा आकडे हवेत, ओळीनं नकोत, एकसारखे नकोत,
मागचे पाच पुन्हा नकोत, नव्वद दिवसांनी नवे.
हे सगळं मी समजावते हिंदी-मल्याळमच्या खिचडीत,
सोहारच्या या कारखान्यात
जिथं एका नळानं समुद्र आत येतो
आणि दुसऱ्यानं पिण्याचं पाणी बाहेर पडतं.

सत्तेचाळीस इस्माईल हमदुलेंकडे.
गाव हर्णै. पंप हॉलमध्ये एकोणीस वर्षं.
टॅब त्यांचा अंगठा ओळखत नाही.
खाऱ्या पाण्यानं रेषा झिजल्यात,
काचेवर टेकवला की टॅब थरथरून म्हणतो, पुन्हा.
पुन्हा.
"पासपोर्टच्या हापिसात पण असाच झाला," ते हसतात.

ऑगस्ट. हॉलमध्ये शिरले तसा चष्मा पांढरा झाला.
पंपांच्या आवाजात अर्धं बोलणं हातवाऱ्यांनी.
टॅब उलटा केला तर मागे पिवळी चिकटपट्टी
आणि तिच्यावर बॉलपेननं ठळक सहा आकडे.

मी ओरडलेच. काका, यात प्लांटचे नकाशे आहेत,
प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक टाकी,
सगळं असं गुंतवून ठेवलंय की चोरानं नेलं तरी
त्याला नुसती वाळू चाळल्यासारखं होईल.
आणि तुम्ही किल्ली दारालाच टांगलीत!

ते शांतपणे म्हणाले, टाकून बघ.
टाकले.
चूक. नऊ संधी शिल्लक.

"तो चोरासाठी हाय, बाय.
उलटासुलटा करून दहादा टाकील
आणि टॅब आपला आपण पुसला जाईल."

खरा पासकोड चारच आकडी होता. म्हणून लाल.
नवा टाकायला ते भिंतीकडे वळले,
ओठ हलले, एक बोट सहादा खाली गेलं.
मी प्रेशरच्या काट्याकडे बघत राहिले.
काय ठेवलात, हे तोंडावर आलं होतं.
विचारायचं नसतं. नियम माझाच.

संध्याकाळी माझ्या पडद्यावर:
सत्तेचाळीस, हिरवा. बॅटरी एकाहत्तर.
कूटबद्ध: होय.
गेल्या महिन्याच्या नोंदी चाळल्या,
रात्रपाळी नसतानाही पहाटे तीन दहा, तीन बारा, तीन दहा.
जागा असतो हा माणूस, एवढंच कळतं.
का, ते माझ्यापर्यंत पोचत नाही,
आणि पोचू नये अशीच मी सगळी व्यवस्था केलीय.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातला खण ओढला,
चमच्यांच्या ट्रेखालची माझी चिठ्ठी काढली,
आणि तिच्यातला एक आकडा खोडून
चुकीचा लिहिला.

आता तेवढा एकच लक्षात ठेवायचा.