पांढरा रंग

पुण्याहून नकाशा आला. एप्रिल ते जून.
दुपारी, वीज गेलेली असताना
इन्व्हर्टरच्या शेवटच्या दमावर उघडला.
कोकणावर निळा, जरा गडद.
मराठवाड्याच्या कडेला पिवळसर.
आणि सातपुड्याच्या पायथ्यापासून गाळण्याच्या डोंगरापर्यंत,
तापी, पांझरा, बोरी, गिरणा सगळ्या गिळून,
पांढरा.

पांढऱ्याचा अर्थ खाली बारीक अक्षरात असतो:
जास्त, सरासरीइतका, कमी,
तिन्हींची शक्यता सारखीच.
तेहतीस, तेहतीस, तेहतीस.
उरलेला एक टक्का कुणाच्या नावावर,
ते लिहीत नाहीत.

मला मंगळवारच्या पत्रकात चार ओळी भरायच्या होत्या.
'यंदा खान्देशात' इथपर्यंत लिहिलं
आणि पेन ठेवलं.
'अनिश्चित' लिहावं तर साहेब म्हणतात, लोक घाबरतील.
'सर्वसाधारण' लिहावं तर
सरासरी नावाचं गाव मी अजून पाहिलेलं नाही.
पन्नास वर्षांच्या बेरजेला पन्नासने भागलं की लागतं म्हणे.
तिथे दरसाल तेवढाच पाऊस पडतो
आणि कुणी भिजत नाही.

चारला झिपरू आप्पांचा फोन, न्याहळोदहून.
दीड लाख कच्च्या विटा नदीकाठी उघड्यावर.
"भाऊ, तुना नकाशाम्हा आपलं काय शे?"
"पांढरं आहे, आप्पा."
"धवयं म्हंजे कोल्लं?"
"नाही. पांढरं म्हणजे... माहीत नाही."
बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा.
मग म्हणाले, "मंग माले बी तसंच वाटस."

देवपुरात घरी आलो तर गच्चीवर
कौतिकवहिनी बिबड्या घालत होत्या.
जुन्या धोतरावर, ओळीने, ओल्या चंद्रासारख्या,
नाही, चंद्र कशाला, बिबड्यांसारख्याच.
"सांजपर्यंत ऊन टिकेल ना? तुम्ही हवामानवाले."
मी दक्षिणेकडे पाहिलं.
लळिंगच्या किल्ल्यावर एक ढग,
धोब्याने विसरलेल्या रुमालाएवढा.
म्हणालो, "टिकेल."

अर्ध्या तासात वावटळ आली.
थेंब एक नाही, फक्त धूळ.
या शहराच्या नावातच ती आहे, तिला कुणी विचारत नाही.
धोतराचं एक टोक उडालं,
सोनारांच्या टाकीवर चार बिबड्या,
अँटेनाला एक.
मी वेचत होतो, मान खाली घालून.
"तीन तासांचं सांगता येत नाही
आणि तीन महिन्यांचं लिहिता?"

मी म्हणालो, ते गणित वेगळं असतं, वहिनी.
कोणती बिबडी मोडेल ते नाही सांगता येत,
शंभरात किती मोडतील ते कधीकधी येतं.
त्या हसल्या. "ते मला शिकवता?
म्हणून तर मी एकशेदहा घालते."

रात्री पत्रक पुरं केलं:
'यंदा खान्देशाबाबत कोणताही कौल मिळालेला नाही.
कौल नाही याचा अर्थ पाऊस नाही, असा घेऊ नये.
पाऊस आहे, असाही घेऊ नये.'
चौथी ओळ सुचली नाही.
साहेबांनी 'कौल' खोडून 'संकेत' केलं,
बाकी तसंच जाऊ दिलं.

सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाचं झाकण काढलं.
आत एक मुंगळा आणि कडुनिंबाची काडी.
वहीत शून्य लिहिलं, दशांश चिन्ह, पुन्हा शून्य.
एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे:
काल पडला नाही.

वही मिटतो तोच फोन.
न्याहळोदहून, वाऱ्यातून, घाईत:
"अर्ध्या झाक्यात, भाऊ.
बाकीन्या ऱ्हाऊ दिन्यात,
धवया."