बत्तीसाचे सव्वीस

पहाटे पाचला, दुकान उघडायच्या आत,
मी जुने पट्टे काळ्या रंगाने बुजवतो.
साउथ डकोटातलं हे गाव, वस्ती अकराशे,
किराणा दुकानासमोर गाड्यांच्या जागा बत्तीस.
म्हणजे काल होत्या.
आजपासून सव्वीस.

नगरसभेत तीन सोमवार यावर भांडण झालं.
रेमंड वॉल्डनर म्हणाला, दार उघडता येत नाही,
शेजारच्या गाडीला घासतं.
आयडा क्लिंगर म्हणाली, मग गाडी बारीक घ्या,
जागा कसल्या फुगवता?
कुणीतरी म्हणालं, ज्यांनी कधी घोड्यांचा ट्रेलर ओढला नाही
त्यांनी बोलू नये.
मी ओढलाय, आयडा म्हणाली. ब्याऐंशी साली. सहा सिलिंडरवर.
मग अध्यक्ष माझ्याकडे वळले,
ओर्विन, पट्टा किती रुंद करता येईल?
मला मत नाही विचारलं. माप विचारलं.

मापं मला पाठ आहेत.
बापाच्या पिकपचा हौदा आठ फूट,
प्लायवूडची अख्खी शीट सपाट झोपायची त्यात
आणि शीटवर मी आणि भाऊ.
मुलाच्या नव्या ट्रकचा हौदा साडेपाच.
शीट मागून जिभेसारखी लोंबते,
तिला लाल फडकं बांधावं लागतं.
गाडी वाढली, हौदा आखडला.
वाढलं ते सगळं पुढे,
आणि नाकात.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात,
इथे नाकच जड.
शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देते ती ॲर्लिस,
उंची पाच फूट एक.
गेल्या हिवाळ्यात ती थांबायची पाटी घेऊन माझ्याकडे आली,
काठीला दीड फूट पाइप जोडून दे म्हणाली.
का, ते मी विचारलं नाही.
दारात कोल्टनचा ट्रक उभा होता.
ती त्याच्या पुढून निघाली
आणि अलीकडून मला फक्त पाटी दिसली,
एकटीच चाललेली, लाल, अष्टकोनी.

आता हेही सांगतो, नाहीतर लबाडी होईल.
फेब्रुवारीच्या वादळात माझी छोटी गाडी
रस्त्याकडेच्या चरात गेली.
उणे एकतीस. बोटं आहेत की नाहीत कळेना.
आला तो कोल्टनच, त्याच ट्रकने.
साखळी लावली, एका हिसक्यात वर.
आत गरम सीट.
इतक्या उंचावरून आपला सपाट मुलूख
मी पहिल्यांदाच पाहिला:
कुंपणं बुटकी, टपालपेट्या बुटक्या,
बर्फ कुणा दुसऱ्याचा.
मला आवडलं.
तेच तर. आवडलं.

पुढचं काही दिसत नाही रे, मी म्हणालो.
कॅमेरा आहे ना, बाबा.
त्या पडद्यावर आमच्याच नाकाखालचा रस्ता
परक्या देशातल्या बातमीसारखा सरकत होता.

दोरी ताणली, खडू मारला, यंत्र ढकललं.
रुंदी देता येते. लांबी नाही,
पुढे फुटपाथ आहे.
जुना पट्टाही पुरता बुजत नाही,
ऊन तिरकं आलं की काळ्याखालून वर येतो,
बापाच्या वेळचा, अरुंद.

सातला कोल्टन कॉफीला आला.
मधोमध ‘ओला रंग’ची पाटी होती.
ती त्याला दिसली नाही.
जाताना त्याच्या चाकाने माझा पट्टा उचलला
आणि फेरीगणिक रस्त्यावर ठेवत गेला,
पांढरा, मग राखाडी, मग असून नसल्यासारखा,
शाळेच्या कोपऱ्यापर्यंत.
मी मागोमाग चालत गेलो.
कोपऱ्यावर, तो थांबला असावा तिथे,
फिकट डाग.
ॲर्लिसच्या उभं राहायच्या जागेपासून किती,
म्हणून खिशातून टेप काढला.
ती अजून आली नव्हती.
टेप हातात धरून
बराच वेळ तिच्या जागी उभा राहिलो.