दुसऱ्याच्या वाट्याची बोट

फळ्यावर खडूनं लिहिलं होतं:
मंगळवार, सकाळी आठ, बोट एक, माणसं अडीच हजार.
रोझोच्या धक्क्यावर ती अडीच हजार
आम्ही आधीच वाटून घेतलेली.
गंधकाच्या झऱ्याला चारशे, धबधब्याला सहाशे,
माझ्या टेबलाला, धरून चालू, वीस.
वीस पुरतात.
कोकोच्या कांड्या, जायफळ, खोबरेल तेलाचा साबण,
आणि टोपल्या, सॅलिबियाहून सासूनं विणून धाडलेल्या,
ज्यांचा बोटीवरचे लोक आधी वास घेतात.
का, ते देव जाणे.

सोमवारी रात्री हेस्कीथनं फळा पुसला,
तळहातानं, आणि तळहात पँटला.
वादळ अजून लांब पूर्वेला होतं,
नकाशावरचा एक भोवरा, नुकतंच बारसं झालेला.
पण बोट वळली.
बोटीला वळता येतं.

मंगळवारी आम्ही खिडक्यांवर फळ्या ठोकल्या.
छपराला दोर घेतले, दोराला दगड.
मागच्या खेपेला छप्पर दरीत सापडलं होतं,
उताणं, पाण्यानं भरलेलं, आत बेडूक.
आई बायबल आणि बॅटरी उशाशी घेऊन
कपडे, बूट घालूनच झोपली.
आणि काही झालं नाही.
उंबऱ्यापर्यंत येऊन पत्ता चुकल्यासारखं
वादळ उत्तरेला निघून गेलं.
बुधवारी ऊन असं लख्ख की चीड यावी.
रिकामा धक्का. इझिकीएल त्याच्या व्हॅनमध्ये
दार उघडं टाकून, पाय बाहेर,
जेवणाच्या वेळेपर्यंत तसाच.

शुक्रवारी फळ्यावर काहीच नव्हतं
आणि खिडकीबाहेर चौदा मजले उभे!
अर्धी वेणी घातलेल्या बायका धावल्या,
मी टेबल डोक्यावर घेतलं.
खाली उतरलेली माणसं जरा घुश्श्यात होती.
त्यांना पांढरी वाळू कबूल केलेली,
आमची काळी.
नाक सोललेला एक म्हातारा म्हणाला,
"बाई, हे कुठलं बेट?"
मी सांगितलं. मग त्याच्या शर्टाकडे पाहिलं.
आधीच घेऊन ठेवलेला असणार, नवा, घडीच्या रेघांसकट.
छातीवर छापलेलं: फिलिप्सबर्ग.

फिलिप्सबर्गला आन्सेल्म असतो. माझा भाऊ.
टॅक्सी चालवतो.

म्हाताऱ्यानं दोन टोपल्या घेतल्या.
मी सुटे पैसे मोजून दिले, बरोबर मोजले.
दुपारपर्यंत टेबल साफ. चाळीस गिऱ्हाइकं.
अख्ख्या धक्क्यावर जत्रा,
कुणीतरी ढोल काढला,
आणि मी टेबलामागे वाकून फोन लावत होते.
तीच ती बाई, गोड आवाजात,
ही व्यक्ती संपर्काबाहेर आहे म्हणून सांगत राहिली.
शनिवारीही तिचा आवाज तसाच गोड.

रविवारी अनोळखी नंबर.
"गाडी आहे," आन्सेल्म म्हणाला, "काचा नाहीत.
घराचं नंतर सांगतो. आई?"
आई झोपलीय, म्हटलं. बूट काढून.
मग थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला,
त्याच्याकडचा की माझ्याकडचा, कळेना.
"ती पांढरी तुमच्याकडे आली का गं?
शुक्रवारची. चौदा मजली.
तिच्यातले बारा जण माझ्या गाडीत बसायचे होते."
आली, म्हटलं.
"खरेदी करतात का?"
एकानं दोन टोपल्या घेतल्या. आधी वास घेतला.
तो हसला. हसताना फोन तुटला,
की त्यानं ठेवला.

चाळीसातले वीस माझेच होते, असं मी धरून चालते.
उरलेल्या विसांचं एक निळं पिंप झालंय:
ताडपत्री, खिळे, तांदूळ, माचिस,
साबण, जो त्यानं आयुष्यात कधी वापरला नाही.
मालाची होडी गुरुवारी सुटते.
तांडेल म्हणतो, हवा बघू.
पूर्वेला म्हणे आणखी एक आहे.
अजून नाव नाही ठेवलेलं.