पंख्यावरचं नाव

वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या पोत्यांना टेकून
अवद चाऊस पाट्या रंगवायचा.
ब्रशाच्या केसांतही पिवळी धूळ,
त्याचा पांढरा रंग कधी पुरता पांढरा झाला नाही.
पणजा म्हणे निजामाच्या फौजेत आलेला,
हद्रमौतहून, जहाजात बसून.
ह्यानं समुद्र बघितला नव्हता,
पूर्णेच्या पलीकडंही फारसा गेला नव्हता,
पण वाळवंटातल्या गोष्टी सांगायचा
शेजारच्या गल्लीत घडल्यासारख्या.

त्या दिवशी बापूनं पंखा आणला होता,
मोंढ्यातल्या मारुतीसाठी.
एका पात्यावर नाव, दुसऱ्यावर गाव,
तिसऱ्यावर ‘सप्रेम भेट’.
अक्षराला आठ आणे.
बापूनं बोटांवर अक्षरं मोजली,
काना-मात्रा धरायच्या नाहीत म्हणाला
आणि ‘सप्रेम भेट’ काढून टाकलं.
“भेट हाय हे दिसतंयच की.
इकायला थोडंच लटकवलंय?”

चाऊस हसला नाही. डबा ढवळत राहिला.
मग माझ्याकडं बघून सुरू झाला:

“एक होता शेख. हीर त्याची, खजुरीची झाडं त्याची.
पाव्हणा आला की बकरं कापायचा,
पाव्हणा गेला की रांजणात एक खडा टाकायचा.
रांजण भरत आला.
निजताना हात घालून खडे हलवायचा,
त्या आवाजाबगर त्याला झोपच येईना.
एका राती एक म्हातारी आली. पायात काही नाही.
म्हणली, मागीन ते देशील?
शेख म्हणला, उंट माग, घोडी माग,
अंगावरचा झगा माग.
म्हातारी म्हणली, रांजण दे खड्यांचा.
वाऱ्यानं माझा तंबू उडतो,
कडंकडंनं वजन ठेवीन.”

इथं चाऊस थांबला.
‘नागोराव’मधला पहिला काना ओढायचा होता,
तिथं श्वास धरावा लागतो.

“मग? दिला?”
“माझा बाप सांगायचा, दिला.
आजा सांगायचा, नाही दिला;
सकाळी म्हातारी गेलेली,
तिच्या पुढ्यातलं पाणी जसंच्या तसं.
दोघंबी खोटं बोलणारे नव्हते.”

बापू म्हणाला, “चाऊस, तुमच्या अरबस्तानात
लोकायला कामधंदा नव्हता वाटतं.”
नागोराव सोपानराव कऱ्हाळे, कुरुंदा.
पंधरा अक्षरं, साडेसात रुपये.
बापूनं दोनदा मोजून दिले.

पहिल्याच शनिवारी, आरती रंगात आली
आणि लाईट गेली.
घामेजलेली सगळी माणसं माना वर करून
बापूचं नाव वाचत बसली.
कुणीतरी मोठ्यानं वाचलं.
बापूनं टोपी नीट केली.
मी खांबाला टेकून आडवा पडलेलो,
म्हणून मला तिसरं पातं दिसलं.
बारीक, तिरकं, पिवळट पांढरं:
सप्रेम भेट.
पाच अक्षरं. अडीच रुपये.
चाऊसनं मागितले नव्हते,
बापूला ठाऊकच नव्हते.

लाईट आली.
पाती फिरली, नाव विरघळलं,
वारा सगळ्यांना लागला,
दाराशी चपला राखणाऱ्या काशाबाईलासुद्धा.
बापू तेवढा वर बघत होता.
“हा जरा हळू करता येत नाही का?”
पुजाऱ्याला विचारत होता.

चाऊस जाऊन एकोणीस वर्षं झाली.
कब्रीच्या डोक्याशी नुसता दगड आहे;
मोंढ्यात आता फ्लेक्स छापतात,
ब्रश धरणारं कुणी उरलं नाही.

लेक विचारते, म्हातारीला रांजण मिळाला का?
मागच्या आठवड्यात मी म्हणालो, मिळाला.
काल म्हणालो, नाही मिळाला.
ती रुसली. म्हणाली, “पप्पा, एक काहीतरी ठरवा.”

मी उगाच खिशात हात घातला.
सुटे पैसे वाजले.
जरा वेळ वाजवत राहिलो.